मलिक अंबर आणि खडकीची नहर



या घटकात आपण मलिक अंबरचे चरित्र पाहणार आहोत. शालेय इतिहासातून हे नाव तुमच्या कानांवरून गेलेले असेल. निजामशाहीचा शेवटचा कर्तबगार वजीर, गनिमी युद्धपद्धतीचा जाणकार आणि शहाजीराजांनी ज्याच्या बाजूने भातवडीची लढाई गाजवली तो सेनानी, एवढी त्याची ओळख साधारणपणे पुरेशी मानली जाते. लढायांच्या या ओळखीमागे त्याचे एक कार्य झाकले गेले आहे, आणि ते खरोखरच जमिनीखाली आहे. त्याने वसवलेल्या खडकी या शहराला, म्हणजे पुढच्या काळातील औरंगाबाद आणि आजच्या छत्रपती संभाजीनगरला, पाणी पुरवणारी भूमिगत नहर हे ते कार्य होय. तिला नहर-ए-अंबरी म्हणतात. प्रस्तुत घटकात अंबरचे चरित्र या नहरीच्या आधाराने मांडले आहे.

माधवनगर, सांगली, मिरज या परिसरातून अभ्यास करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना पाण्याचा प्रश्न समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेला कृष्णा पात्राबाहेर येते आणि पूर्वेला जत, आटपाडी, कवठे महांकाळ या तालुक्यांत पिण्याच्या पाण्याची चिंता असते. म्हैसाळ, ताकारी, टेंभू या योजनांतून आपण नदीचे पाणी विजेच्या बळावर उंचावर चढवतो आणि मग कालव्यांत सोडतो. अंबरच्या काळी वर चढवणारे यंत्र नव्हते. उंचावर मुरलेले पाणी शोधायचे आणि त्याला उताराने, वाटेत न गमावता, वस्तीपर्यंत आणायचे, एवढाच मार्ग खुला होता. हा मार्ग ज्याने इतक्या मोठ्या प्रमाणावर अवलंबला, तो मनुष्य या भूमीत जन्मलेला नव्हता.

त्याचा जन्म १५४८ च्या सुमारास आफ्रिकेतील इथिओपियात झाला. अरब लोक त्या प्रदेशाला हबश म्हणत आणि त्यावरूनच मराठीत हबशी हा शब्द आला. मूळ देशवाचक असलेल्या या शब्दाला आपल्या बोलीत पुढे हेटाळणीची छटा चिकटली. ऐतिहासिक लेखनात तो वाचताना ही छटा बाजूला ठेवावी लागते. अंबरचे मूळ नाव चापू. लहान वयातच तो गुलामांच्या बाजारात आला. तांबड्या समुद्राच्या काठावरील मोखा आणि तेथून बगदाद असा त्याचा प्रवास झाला. बगदादमधील मीर कासिम या धन्याने त्याला शिकवले, हिशेब आणि कारभार यांची ओळख करून दिली आणि अंबर हे नाव दिले. गुलामांना सुगंधी द्रव्यांची किंवा रत्नांची नावे देण्याची तेव्हा रीत होती. अंबर हे असेच एक मौल्यवान सुगंधी द्रव्य. आकाश किंवा वस्त्र असा अर्थ असणारा आपला संस्कृत ‘अंबर’ हा शब्द आणि हे अरबी नाव यांत केवळ ध्वनिसाम्य आहे, व्युत्पत्तीचा काहीही संबंध नाही.

१५७० नंतरच्या दशकात त्याला दख्खनमध्ये आणून विकण्यात आले. विकत घेणारा होता अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान, जो स्वतः एकेकाळी गुलाम असलेला हबशी होता. त्याच्या पदरी सुमारे हजार हबशी गुलाम होते असे सांगतात. विकला गेलेला मनुष्य राज्याचा पेशवा होऊ शकतो, हे अंबरने येथे प्रत्यक्ष पाहिले. दख्खनच्या सुलतानशाह्यांमधील गुलामगिरीचे हे वेगळेपण लक्षात घेतल्याखेरीज अंबरचा पुढचा उत्कर्ष समजत नाही. ती गुलामगिरी क्रूर नव्हती असा याचा अर्थ घेऊ नये. गावापासून आणि आईबापांपासून तोडलेले मूल धन्याशिवाय दुसऱ्या कोणाचेही नसते, आणि म्हणूनच राजे त्याच्यावर विश्वास टाकत, हे त्या व्यवस्थेचे कठोर गणित होते.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या काळातील दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. निजामशाहीची राजधानी अहमदनगर हे शहर खापरी नळांचे शहर होते. कापूरवाडी, भिंगार आणि आसपासच्या इतर गावांकडून जमिनीखालच्या नळांनी शहरात, बागांत आणि महालांत पाणी येई. शहराजवळचा फराहबाग याच काळात उभा राहिला. अंबरची उमेदीची वर्षे अशा शहरात गेली. नहर बांधण्याची कल्पना त्याला कोठून सुचली, याचे उत्तर शोधताना काही लेखक थेट इराणच्या कनातींकडे वळतात. मला तितके दूर जाण्याची गरज वाटत नाही.

चंगीझखानाच्या मृत्यूनंतर अंबर मुक्त झाला. काही काळ त्याने विजापूरकरांची चाकरी केली आणि तेथेच त्याला मलिक ही पदवी मिळाली. मराठी कागदपत्रांनी पुढे पदवी आणि नाव यांचा संधी करून मलिकंबर असे एकच नाव केले. विजापूर सोडताना त्याच्याबरोबर सुमारे दीडशे स्वार होते. १५९० नंतरच्या दशकात तो पुन्हा निजामशाहीच्या मुलखात आला, तेव्हा ते राज्य कोसळण्याच्या बेतात होते. १६०० मध्ये चांदबिबी मारली गेली आणि अहमदनगरचा किल्ला अकबराच्या सैन्याच्या हाती पडला.

राजधानी गेली, सुलतान कैदेत गेला. मोगलांच्या दृष्टीने निजामशाही संपली होती. अंबरने ती संपू दिली नाही. निजामशाही घराण्यातील एका तरुणाला त्याने परांड्याच्या किल्ल्यात गादीवर बसवले, मुर्तजा निजामशहा म्हणून त्याच्या नावाने द्वाही फिरवली आणि आपली मुलगी त्याला दिली. राजू दखनी हा प्रतिस्पर्धी सरदार दूर होण्यास आणखी काही वर्षे लागली. राजधानी जुन्नर आणि मग दौलताबाद अशी हलत राहिली. मराठे बारगीर, वेगवान घोडदळ, शत्रूची रसद तोडणे आणि समोरासमोरची लढाई टाळणे या युद्धपद्धतीचा विचार इतिहासाच्या पुस्तकांत भरपूर झालेला असल्याने तो येथे लांबवत नाही.

मात्र एक गोष्ट टाळून पुढे जाता येणार नाही. १६१० मध्ये सुलतान मुर्तजा आणि वजीर यांच्यात वितुष्ट आले. जनानखान्यात अंबरच्या मुलीचा झालेला अपमान हे त्याचे कारण म्हणून सांगितले जाते. त्यानंतर सुलतानाला विष देण्यात आले आणि त्याचा लहान मुलगा गादीवर आला. या मृत्यूचा ठपका इतिहासकार अंबरवर ठेवतात. त्याच्या लोकोपयोगी कामांचे वर्णन करणारी चरित्रे अनेकदा हे प्रकरण एका वाक्यात आटोपतात. ज्याला आपणच राजा केले, त्याला वाटेतून दूर करणारा आणि शहराच्या रहिवाशांना पाणी देणारा मनुष्य एकच होता, हे मान्य करूनच चरित्र वाचले पाहिजे.

याच सुमारास दौलताबादच्या जवळ, खडकी नावाच्या लहानशा गावाच्या जागी त्याने नवे शहर वसवण्यास सुरुवात केली. गावाचे नाव तेथील जमिनीचे वर्णन करते. खाली काळा पाषाण, वर थोडी माती, उत्तरेला डोंगर आणि जवळून वाहणारी खाम नदी. १६१२ मधील भडकल दरवाजा, नौखंडा महाल आणि जामा मशिदीचा पहिला भाग ही या शहरातील त्याची बांधकामे. परंतु १६१६ मध्ये रोषणगावच्या लढाईत अंबरचा पराभव झाला आणि मोगलांनी खडकीत घुसून शहराची नासधूस केली. उभारून जेमतेम सहा वर्षे झालेले शहर त्याच्या डोळ्यांदेखत मोडले. पुढच्या वर्षी तह झाला, अहमदनगरचा किल्ला आणि बराच मुलूख त्याला सोडून द्यावा लागला, आणि थोडी उसंत मिळाली. नहर-ए-अंबरीचा काळ सामान्यतः याच सुमारास, म्हणजे १६१७ च्या आसपास, मानला जातो. पराभूत वजिराने मिळालेल्या उसंतीत उद्ध्वस्त शहरासाठी पाण्याची कायमची सोय करावी, हा क्रम मला त्याच्या कोणत्याही विजयापेक्षा अधिक बोलका वाटतो.

या नहरीची रचना समजून घेऊ. नदीवर बंधारा घालून पाटाने पाणी आणणे ही आपल्याकडची परिचित पद्धत. खडकीच्या उत्तरेला नदीचे वाहते पाणी उन्हाळ्यात आटते, पण डोंगरपायथ्याच्या मातीत व मुरमात पावसाळ्यात मुरलेले पाणी नंतरही झिरपत राहते. अंबरच्या कारागिरांनी हे झिरपणारे पाणी जमिनीखालीच गाठले. ते चुन्यात बांधलेल्या भूमिगत मार्गात गोळा केले आणि सौम्य उताराने शहराकडे आणले. उतार फार ठेवला तर पाणी बांधकाम कुरतडते. फार कमी ठेवला तर गाळ साचून मार्ग बुजतो. काही मैलांच्या अंतरात हा तोल साधणे हेच या कामातील खरे कौशल्य आहे. मार्गावर ठरावीक अंतराने विहिरीसारखी तोंडे ठेवलेली आहेत. त्यांतून आत हवा जाते आणि गाळ काढण्यासाठी माणूस उतरतो. पुण्याच्या कात्रज नळावरील अशाच तोंडांना उच्छ्वास असा फार सुंदर मराठी शब्द आहे. तो नळ नानासाहेब पेशव्यांच्या काळातील, म्हणजे अंबरनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी बांधलेला. तत्त्व मात्र तेच.

शहरात शिरल्यावर पाण्याची चाल बदलते. नहरीत पाणी मोकळे वाहते; वरती हवा असते. शहरात ते भाजलेल्या मातीच्या बंद नळांत शिरते. बंद नळातले पाणी आपल्या मूळ पातळीपर्यंत पुन्हा वर चढू शकते, म्हणून सखल भागातून नेलेले पाणीही पुढे उंच हौदात पडते. पण मातीचा नळ फार दाब सोसत नाही आणि आत अडकलेली हवा प्रवाह रोखते. त्यासाठी वाटेत दगडी मनोरे उभारले. पाणी मनोऱ्यात वर चढते, त्याची हवा सुटते, दाब उतरतो आणि दुसऱ्या नळाने ते खाली पुढच्या टप्प्याला जाते. औरंगाबादेत पाणचक्की पाहायला गेलेल्यांनी उंच भिंतीवरून हौदात पडणारे पाणी पाहिले असेल. पाणचक्की अंबरची नव्हे. ती अठराव्या शतकातील आणि तिची नहरही वेगळी. तिच्या भिंतीत पाणी वर चढवण्यामागे असलेले तत्त्व मात्र हेच आहे.

येथे शत्रुपक्षाकडेही पाहावे. त्या वर्षांत अंबरशी लढणारा आणि मधूनमधून वाटाघाटी करणारा मोगल सेनानी होता अब्दुर्रहीम खानखानान, हिंदी काव्यात रहीम म्हणून अमर झालेला. बुऱ्हाणपूर हे त्याचे ठाणे. अंबर खडकीच्या पाण्याचा विचार करत होता, त्याच सुमारास, १६१५ च्या आसपास, खानखानानच्या पुढाकाराने बुऱ्हाणपुरात सातपुड्याच्या पायथ्याचे झिरपते पाणी भूमिगत मार्गाने शहरात आणले गेले. कुंडी भंडारा या नावाने तो आजही प्रसिद्ध आहे. एकमेकांच्या फौजांची रसद तोडणारे दोघे सेनानी आपापल्या शहरांत एकच काम करत होते. दुष्काळी पठारावर तळ टिकवायचा तर पाणी हवे, ही युद्धाची गरज त्यामागे होतीच. शहरातील सामान्य माणसाला तिचा लाभ झाला, हेही तितकेच खरे.

अंबरच्या महसूल व्यवस्थेकडे नहरीच्या जोडीने पाहिले तर त्याच्या कारभाराची दृष्टी अधिक स्पष्ट होते. वसुलीचा मक्ता देण्याची पद्धत त्याने बंद केली. जमिनीची प्रत आणि पिकाची पाहणी करून आकारणी ठरवली. आरंभी उत्पन्नाचा सुमारे दोनपंचमांश वाटा धान्यरूपाने घेतला जाई आणि पुढे त्याचे रोख रकमेत रूपांतर झाले. गावचे वतनदार आणि मिरासदार यांचे हक्क त्याने मान्य केले. ही व्यवस्था मलिकंबरी धारा म्हणून ओळखली जाई. शिवकालीन महसूल पद्धतीच्या अभ्यासात ती आधारभूत मानली जाते. परदेशातून आलेल्या गुलामाचे नाव मराठी मुलखाच्या दप्तरात विशेषण होऊन राहिले, ही भाषेच्या अभ्यासकाला मोहवणारी घटना आहे. ज्याची पद्धत लोकांच्या रोजच्या व्यवहारात शिरते, त्याच्याच नावाला भाषा असा प्रत्यय जोडते.

१६२१ मध्ये शाहजादा खुर्रमच्या स्वारीत खडकीची पुन्हा नासधूस झाली. वाडे पडले, बाजार लुटला गेला. भूमिगत नहर मात्र टिकून राहिली आणि पुढच्या पिढ्यांच्या उपयोगी पडली.

पाण्याचा दुसरा उपयोगही अंबरला माहीत होता. १६२४ मध्ये मोगल आणि विजापूरकर यांच्या एकत्र फौजा त्याच्यावर चालून आल्या. अहमदनगरजवळ भातवडी येथे त्याने तलावाचा बांध फोडून पाणी सोडले. आधीच पावसाने भिजलेली जमीन दलदलीत बदलली आणि शत्रूच्या जड फौजेची हालचाल ठप्प झाली. मग रात्रीचे छापे आणि अखेरचा हल्ला. विजापूरचा सेनापती मुल्ला मुहम्मद लारी मारला गेला. शहाजीराजांनी या लढाईत पराक्रम केला आणि त्यांचे बंधू शरीफजी कामी आले. बांध बांधण्याचे ज्ञान असणाऱ्याला तो कोठे फोडावा हेही कळते. भातवडीच्या शेतकऱ्यांनी त्या वर्षी साठवलेल्या पाण्याचे काय झाले, याची नोंद लढाईची वर्णने करणाऱ्यांनी घेतलेली नाही.

मे १६२६ मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, मलिक अंबरचे निधन झाले. खुलताबादला त्याची कबर आहे. बादशहा जहांगीर आपल्या आठवणींत त्याचा उल्लेख क्वचितच शिवीवाचून करी. अंबरच्या कापलेल्या मस्तकावर आपण बाण सोडत आहोत, असे चित्रही त्याने काढवून घेतले. प्रत्यक्षात ते मस्तक त्याला कधीच मिळाले नाही. जहांगीरच्याच दरबारातील मुतमदखान या इतिहासकाराने मात्र अंबरच्या मृत्यूनंतर त्याच्या युद्धकौशल्याची आणि कारभाराची मोकळ्या मनाने प्रशंसा केली. अंबरचा मुलगा फत्तेखान याला वडिलांची बुद्धी लाभली नाही. १६३३ मध्ये दौलताबाद पडले आणि शहाजीराजांनी आणखी तीन वर्षे तगवून धरलेली निजामशाही १६३६ मध्ये संपली.

औरंगजेबाच्या सुभेदारीत खडकीचे औरंगाबाद झाले. शहर वाढले, तसे नव्या नहरी खोदल्या गेल्या. बेगमपुऱ्यातील थत्ते हौदाला पाणी पुरवणारी थत्ते नहर त्यांपैकीच. अंबरची नहर या जाळ्यात मुख्य राहिली. राज्ये बदलली तरी नहरीवर देखरेख करणारे, गाळ काढणारे, फुटके नळ बदलणारे लोक होते, म्हणून ती चालली. विसाव्या शतकात प्रथम हर्सूलच्या तलावाचे आणि नंतर जायकवाडीचे पाणी शहराला मिळू लागले. घरोघरी नळ आल्यावर हौदांवरची गर्दी ओसरली आणि जमिनीखालील मार्गाची आठवण ठेवण्याचे कारण उरले नाही. काही ठिकाणी तोंडांवर बांधकामे झाली, काही ठिकाणी झाडांची मुळे चुन्याच्या सांध्यांत शिरली, काही ठिकाणी सांडपाणी आत उतरले. गंमत अशी की जायकवाडीचे पाणी शहरापर्यंत आणायला पंप लागतात, आणि ज्या मार्गाने पाणी विजेशिवाय येत होते तो पायाखाली आहे.

या नहरीच्या पुनरुज्जीवनाची मागणी शहरातील इतिहासप्रेमी आणि जलतज्ज्ञ अनेक वर्षे करत आले आहेत. याबाबत मराठीत वापरले जाणारे तीन शब्द नीट पारखून घेतले पाहिजेत. दुरुस्ती म्हणजे मोडलेला भाग जोडणे. जीर्णोद्धार हा देवालयांच्या संदर्भात रुळलेला शब्द. त्यात जुन्या जागी नवे उभारण्याचीही मुभा आहे. पुनरुज्जीवन म्हणजे जे थांबले ते पुन्हा चालू करणे. नहरीच्या बाबतीत पहिले पुरेसे नाही आणि दुसरे धोक्याचे आहे. जुना चुना खरवडून त्यावर सिमेंटचा थर दिला की मार्ग चकचकीत दिसतो. पण सिमेंट ताठ असते, चुन्याइतके हलत नाही आणि पाण्याची वाफ सहज बाहेर पडू देत नाही. जुने दगडकाम त्याच्या मागे ओल धरून खिळखिळे होते. शिवाय नहर वरच्या बाजूला ज्या मातीतून पाणी ओढते, त्या मातीवर वस्ती आणि रस्ते झाले, तर खालची सगळी दुरुस्ती कोरड्या नळाची दुरुस्ती ठरेल. म्हणून प्रथम डोंगरपायथ्याचे पाणलोट राखणे, मग नहरीची संपूर्ण रेषा नकाशावर निश्चित करून तिच्यावरील बांधकामे रोखणे, सांडपाण्याचे उतार वळवणे, आणि त्यानंतरच चुना व गाळ यांना हात लावणे, असा क्रम धरावा लागतो. वर्तमानपत्रांत छायाचित्र येते ते शेवटच्या टप्प्याचे. म्हणून अनेकदा सुरुवातही त्यानेच होते.

गाळ काढण्याचे काम खालच्या टोकापासून वर करत जायचे असते, म्हणजे वर मोकळे झालेले पाणी खाली पुन्हा तुंबत नाही. एका तोंडातून माणूस उतरतो, पुढच्या तोंडापर्यंत गाळ भरतो, वरचे लोक दोराने टोपली ओढून घेतात आणि मग सगळे पुढच्या तोंडाकडे सरकतात. पाऊस सुरू होण्यापूर्वी ते पूर्ण करावे लागते, आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा.